समीकरणातून पगार गळून पडतो

सांगलीत एकाला महिन्याला ४० हजार रुपये पगार आहे, हिंजवडीत दुसऱ्याला ४ लाख. दोघं एकाच वयाचे. दोघांनी एकाच दिवशी ठरवलं की निम्मा पगार बाजूला टाकायचा, उरलेल्या निम्म्यात घर चालवायचं आणि साठलेल्या पैशांवर पुढचं आयुष्य निभेल इतकी पुंजी झाली की नोकरीला रामराम ठोकायचा. आधी कोण सुटेल?

बहुतेकांच्या तोंडून हिंजवडी निघतं. खरं उत्तर असं की दोघांची गुंतवणूक सारखीच वाढत असेल, तर दोघं एकाच दिवशी सुटतील.

पहिल्यांदा ऐकताना यात काहीतरी हातचलाखी वाटते, पण हिशेब सरळ आहे. सांगलीकर २० हजारांत जगतो, म्हणजे त्याला पुढे २० हजारांचीच सोय लावायची आहे. हिंजवडीकराला २ लाखांची लावायची आहे. एकाचं लक्ष्य दुसऱ्याच्या दहापट, पण बचतही दहापट. पगाराचा आकडा अंशातही येतो आणि छेदातही, म्हणून तो कटतो. मागे उरतो एकच प्रश्न: हातात आलेल्या रुपयातले किती पैसे खर्च झाले नाहीत?

अर्थात ही बरोबरी गणितातली आहे, न्यायातली नाही. ४ लाखांतले २ लाख वाचवताना परदेशवारी रद्द होते. ४० हजारांतले २० हजार वाचवताना आईचं औषध, मुलीची फी आणि घरभाडं यांतलं काय मागे ठेवायचं असा पेच पडतो. खर्चाला तळ असतो आणि कमी पगाराचा माणूस त्या तळाला आधीच टेकलेला असतो. लवकर निवृत्तीवर उत्साहाने बोलणारे हे सहसा सांगत नाहीत. पण तळाच्या वर ज्यांना थोडी जागा आहे त्यांच्यासाठी पुढचं गणित थक्क करणारं आहे.

या गणिताचं कोष्टक २०१२ साली लोकांसमोर आणलं ते पीट अ‍ॅडनी या कॅनडात जन्मलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने. २००५ मध्ये, वयाच्या तिशीत त्याने नोकरी सोडली होती आणि ‘मिस्टर मनी मस्टॅश’ या गमतीदार टोपणनावाने तो लिहीत असे. गृहीतकं दोनच. महागाई वजा जाता गुंतवणूक वर्षाला ५ टक्क्यांनी वाढेल, आणि वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी जमली की माणूस मोकळा. शून्यापासून सुरुवात करून पगाराच्या १० टक्के वाचवणाऱ्याला मोकळं व्हायला ५१ वर्षं लागतात. २० टक्के वाचवणाऱ्याला ३७, ३० टक्केवाल्याला २८, निम्मा पगार वाचवणाऱ्याला सुमारे १७. आणि तीन चतुर्थांश वाचवू शकणारा कोणी असेलच, तर त्याला फक्त ७.

बचत दहावरून विसावर नेली की जवळजवळ १५ वर्षं वाचतात. पन्नासावरून साठावर नेली तर जेमतेम चार. म्हणजे सगळ्यात मोठं बक्षीस पहिल्या, त्यातल्या त्यात सोप्या पायरीवर ठेवलेलं आहे. महत्त्वाकांक्षी लक्ष्य म्हणजे निम्मा पगार वाचवणं, असं ऐकून घाबरून जाणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा.

हे असं का होतं? कारण न खर्चलेला रुपया दोन कामं करतो. तो पुंजीत पडतो, हे दिसतं. पण तो न खर्चता तुमचं चाललं, याचा अर्थ तुमचं लक्ष्यही खाली आलं, हे चटकन ध्यानात येत नाही. चढणारा वेगाने चढतोय आणि त्याच वेळी डोंगर खचतोय, असा प्रकार. पगारवाढीचं उलट असतं. वाढ झाली आणि ती सगळी मोठ्या गाडीच्या हप्त्यात आणि नव्या राहणीत गेली, तर पुंजी होती तिथेच राहते आणि डोंगर उंच होतो. बढतीचे पेढे वाटताना निवृत्ती लांबणीवर पडू शकते, हे काही कोणी ऑफिसात सांगत नाही.

आता याहून विलक्षण गोष्ट. व्याज पूर्ण काढून टाकू. समजा गुंतवणुकीने महागाईला फक्त गाठलं, वर दमडीही दिली नाही. १० टक्के वाचवणाऱ्याला मग २२५ वर्षं लागतील. त्याच्यासाठी चक्रवाढ व्याज हाच एकमेव आधार होता. पण ७५ टक्के वाचवणारा दरवर्षी तीन वर्षांचा खर्च बाजूला टाकतो. पंचवीस भागिले तीन, म्हणजे आठ वर्षं आणि चार महिने. व्याजासकट सात, व्याजाविना सव्वाआठ. चक्रवाढीचे गोडवे आपण शाळेपासून ऐकत आलो, पण चक्रवाढीला वेळ लागतो, आणि घाईत असलेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो. कुठला फंड जास्त परतावा देतो यावर तासन्‌तास खल करणाऱ्यांपैकी ज्यांना खरोखर चाळिशीत सुटायचं आहे, त्यांनी घरच्या जमाखर्चाची वही उघडलेली बरी.

पण हा २५ पटीचा आकडा आला कुठून?

१९९४ साली विल्यम बेंगन यांनी अमेरिकेतल्या एका व्यावसायिक नियतकालिकात लेख लिहिला. बेंगन यांचं शिक्षण एमआयटीतलं, विमानविद्येचं. हौशी रॉकेटांच्या शास्त्रावरच्या एका ग्रंथाचे ते सहलेखक. मग बरीच वर्षं घरचा शीतपेयं बाटल्यांत भरण्याचा धंदा, आणि त्यानंतर आर्थिक सल्लागार. गिऱ्हाईकं विचारत, साठवलेल्यातून वर्षाला किती काढू म्हणजे मरेपर्यंत पुरेल? पुस्तकांत सरासरीवर आधारलेली उत्तरं होती. बेंगन यांना सरासरीचा भरवसा वाटेना. त्यांनी १९२६ पासूनचे शेअर, सरकारी रोखे आणि महागाई यांचे आकडे घेतले आणि प्रत्येक वर्षी एक काल्पनिक माणूस निवृत्त केला. पहिल्या वर्षी पुंजीतून ठरावीक टक्के काढायचे, मग दरवर्षी तेवढीच रक्कम महागाईपुरती वाढवून काढत राहायची, बाजार चढो की पडो. कोणाची पुंजी किती वर्षं टिकली ते पाहायचं.

सुमारे ४ टक्क्यांपर्यंत काढणारा एकही माणूस तीस वर्षांच्या आत कफल्लक झाला नाही. ४ टक्के म्हणजे पंचविसावा भाग, म्हणून पुंजी खर्चाच्या २५ पट. चार वर्षांनी टेक्सासमधल्या ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी अशीच तपासणी केली आणि हा आकडा जगभर पसरला.

सगळ्यात दुर्दैवी निवृत्त कोण ठरला असेल? कोणीही म्हणेल, १९२९ चा, महामंदीच्या तोंडावर नोकरी सोडणारा. पण तो नव्हे! सगळ्यात वाईट गत झाली १९६८ च्या आसपास निवृत्त झालेल्याची. १९२९ नंतर बाजार कोसळला तशा वस्तूंच्या किमतीही सुमारे पाव हिश्शाने उतरल्या, त्यामुळे निवृत्ताला दर वर्षी कमी पैसे काढून भागत होतं. १९६८ वाल्याच्या वाट्याला आधी १९७३-७४ मध्ये जवळजवळ निम्मा झालेला बाजार आला आणि त्याच्या जोडीला सत्तरच्या दशकाची महागाई, जी १९८० साली अमेरिकेतसुद्धा १३ टक्क्यांवर होती. पुंजी आटत होती आणि घरखर्च फुगत होता. पेन्शनरांचा खरा वैरी बाजाराची पडझड नसून महागाई आहे, हे आपल्याकडच्या कोणत्याही आजोबांना ठाऊक असतं. बेंगन यांनी त्याचा आकडा काढला.

यातच आणखी एक कोडं दडलेलं आहे. १ कोटीची पुंजी. तीन वर्षांत बाजार आधी ३० टक्के पडला, मग १० टक्के आणि मग ४० टक्के चढला. हाताने काहीच काढलं नाही तर तीन वर्षांनी १ कोटी ७ लाख ८० हजार होतात. हाच क्रम उलटा केला, आधी ४० टक्क्यांची चढ आणि शेवटी ३० टक्क्यांची पड, तरी उत्तर तेच. गुणाकारात क्रमाला महत्त्व नाही. आता दर वर्षाच्या सुरुवातीला ६ लाख काढा. पड आधी आली तर शेवटी उरतात ८३ लाख ६९ हजार. पड शेवटी आली तर ९२ लाख ५१ हजार. परतावे तेच, काढलेली रक्कमही तीच, आणि फरक जवळजवळ ९ लाखांचा, तोही तीनच वर्षांत. पडलेल्या बाजारात खर्चासाठी विकलेले युनिट पुढच्या चढणीत सामीलच होत नाहीत. त्यामुळे निवृत्तीची पहिली पाच-दहा वर्षं सगळ्यात नाजूक असतात.

आपल्याकडे हा धडा वेगळ्या वेषात आला होता. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. मराठी मध्यमवर्गात ‘व्हीआरएस घेतली’ हे वाक्य त्या काळी घरोघर ऐकू येई. एकरकमी पैसे आले, ते मुदत ठेवीत टाकले, आता व्याजावर आरामात जगू असा हिशेब. त्या सुमाराला व्याजदर उतरणीला लागले होते. पीपीएफचा दर १९९९ च्या अखेरीस १२ टक्के होता, मार्च २००३ मध्ये ८ टक्के झाला; बँकांच्या ठेवीही त्याच वाटेने गेल्या. १२ टक्क्यांचे ८ टक्के झाले की १० लाखांवरचं वर्षाचं व्याज १ लाख २० हजारांवरून ८० हजारांवर येतं. शेअर बाजाराचं तोंडही न पाहिलेल्या माणसाला हा फटका बसला. जोखीम टाळायला ठेव निवडली आणि जोखीम ठेवीच्याच दारातून आत आली.

म्हणून अमेरिकेच्या २५ पटीवर आपण डोळे मिटून विसंबू नये. बेंगन यांचा हिशेब तीस वर्षांचा, साठी ओलांडलेल्या माणसाचा होता. चाळिशीत सुटणाऱ्याला पन्नास वर्षं काढायची असतात. शिवाय त्यांच्या हाताशी सात दशकांचे आकडे होते; आपला सेन्सेक्स १९७९ पासून मोजला जातो. बेंगन यांनी पुढे आपला आकडा वाढवत ४.७ टक्क्यांपर्यंत नेला आहे, पण तोही अमेरिकेच्या आकड्यांवर. भारतात पन्नास वर्षांची सोय करणाऱ्याने माझ्या मते ३ टक्क्यांच्याच आसपास राहावं, म्हणजे पुंजी खर्चाच्या ३३ पट. महिन्याला ५० हजार खर्च असेल तर २ कोटी.

आकडा छातीत धडकी भरवतो खरा. पण त्याच मापाने जुनी पेन्शन मोजून पाहा. शेवटचं मूळ वेतन ८० हजार असलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला निम्मं, म्हणजे ४० हजार पेन्शन, आणि वर महागाई भत्ता. मूळ पेन्शन वर्षाला ४ लाख ८० हजार. २५ पटीनेसुद्धा ती १ कोटी २० लाखांच्या पुंजीच्या तोलाची, आणि बाजार पडला तरी न हलणारी. १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना ही नाकारली गेली. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी संपावर का उतरले, हे या आकड्यापुढे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या सगळ्या हिशेबांचा मूळपुरुष म्हणावा असा माणूस म्हणजे जो डॉमिंगेझ. वॉल स्ट्रीटवर विश्लेषक असलेल्या या गृहस्थांनी १९६९ मध्ये, ३१ व्या वर्षी नोकरी सोडली. म्हणजे बेंगन यांच्या सगळ्यात अभागी निवृत्ताच्या पाठोपाठच! पण त्यांचा खर्च फार कमी होता आणि तो त्यांना पैशापैशापर्यंत माहीत होता. विकी रॉबिन यांच्याबरोबर १९९२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी सांगितलेलं साधन म्हणजे भिंतीवर लावलेला मोठा आलेखाचा कागद. दर महिन्याला त्यावर बिंदू मांडायचे: महिन्याचा खर्च, आणि पुंजीतून येणारं मासिक उत्पन्न. खर्चाची रेघ हळूहळू खाली झुकते, उत्पन्नाची तळातून वर सरकते. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तो सुटकेचा महिना.

तो कागद भिंतीवर लावला की घरातल्या प्रत्येक नेहमीच्या खर्चाला दुसरी किंमत दिसू लागते. महिन्याचा १ हजार म्हणजे वर्षाचे १२ हजार, २५ पटीनेसुद्धा ३ लाख. कोणताही मासिक खर्च ३०० ने गुणला की तो कायम चालू ठेवायला किमान किती पुंजी लागेल ते कळतं. क्वचितच जाणं होत असलेल्या जिमची दीड हजारांची फी साडेचार लाखांची निघते. बिल तेच असतं, पण ते भरताना हात थबकतो.

हाच गुणाकार कमाईच्या बाजूने केला तर चित्र पालटतं. नोकरी सोडल्यावर कोणी आवडीच्या कामातून, शिकवणीतून, भाषांतरातून किंवा गावाकडच्या चार झाडांच्या आंब्यांतून सरासरी महिन्याला १० हजार मिळवत राहिला, तर ते टिकतील तोवर त्याच्या पुंजीवरचा ३० लाखांचा भार उतरलेला असतो. अशी कमाई आयुष्यभर टिकत नाही, पाच-सात वर्षांत आटते, असा आक्षेप रास्त आहे. पण ती टिकते तीच वर्षं पुंजीच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक असतात. तेव्हा बाजार पडलेला असला तरी तेवढ्या रकमेचे युनिट विकावे लागत नाहीत.