‘खुणा जुळवा’ : कॅमशाफ्टची वेळ आणि एका वाक्याचे दोन अर्थ

मोटारीच्या एंजिनातील दातेरी पट्टा बदलल्यावर कॅमशाफ्टची वेळ पुन्हा लावावी लागते. गॅरेजच्या भाषेत याला ‘टायमिंग लावणे’ म्हणतात. हे काम शिकविताना वापरले जाणारे वाक्य अगदी आटोपशीर असते : ‘खुणा जुळवा.’ हे वाक्य दिसते तितके एकार्थी नाही, आणि त्याचा चुकीचा अर्थ घेतल्यास एंजिन निकामी होऊ शकते. म्हणून प्रथम यंत्राचा व मग वाक्याचा विचार करू.

क्रँकशाफ्ट दट्ट्यांना खालीवर नेतो. कॅमशाफ्ट झडपा उघडतो व मिटतो. चार धावांच्या एंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. हे प्रमाण राखण्यासाठी कॅमशाफ्टच्या चाकाला दुप्पट दात असतात. पुष्कळ एंजिनांत उघडी झडप आणि वर आलेला दट्ट्या एकाच जागेचा उपयोग निरनिराळ्या क्षणी करीत असतात. तो क्षण ढळला तर दोघांची टक्कर होते व झडपा वाकतात. ‘वेळ’ हा शब्द येथे रूढ झाला असला तरी प्रत्यक्षात मोजावयाचा असतो तो कोन. क्रँकशाफ्टच्या चाकाला 20 व कॅमशाफ्टच्या चाकाला 40 दात आहेत असे समजू. पट्टा एक दात चुकला की क्रँकशाफ्टच्या मापाने 18 अंशांचा फरक पडतो. एवढ्यानेही एंजिन सुरू होण्यास कुरकुरते आणि त्याची ओढ कमी होते.

बारामती-इंदापूर या भागापुरते पाहिले तर या विद्येच्या तीन पिढ्या ध्यानात येतात. पहिली पिढी शेतीपंपाच्या डिझेल एंजिनाची. किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी पुण्यात 1946 साली निघाली. अशा लहान एंजिनांत सामान्यतः दोन दातेरी चाके एकमेकांत थेट गुंततात. दुसरी पिढी साखळीची. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे ‘पद्मिनी’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या तिच्या गाडीत कॅमशाफ्ट खाली ठोकळ्यात असे व त्याला साखळी फिरवी. तिसरी पिढी पट्ट्याची. 1983 साली आलेल्या मारुती 800 गाडीने ती खेडोपाडी नेली. तिचा कॅमशाफ्ट वर, झडपांच्या माथ्याशी होता, व त्याला रबरी दातेरी पट्टा फिरवीत असे.

आता वाक्याकडे वळू. ‘जुळणे’ हे क्रियापद ‘कशाशी?’ या प्रश्नाची अपेक्षा ठेवते. आपले परंपरागत व्याकरण ‘शी’ हा प्रत्यय तृतीयेत घालते. त्या जागेवरचे पद वाक्यातून गळले की ऐकणारा ते आपल्या अनुभवातून भरून काढतो. थेट गुंतणाऱ्या चाकांवर हात बसलेला कारागीर ‘एकमेकींशी’ असे समजतो, आणि त्याच्या एंजिनापुरते ते बरोबरच असते. एका चाकाचा खुणेचा दात दुसऱ्याच्या दोन खुणेच्या दातांमध्ये बसला की काम झाले. पट्ट्याच्या एंजिनात बहुधा तसे नसते. तेथे क्रँकशाफ्टच्या चाकाची खूण एंजिनाच्या अंगावरील एका स्थिर खुणेशी आणि कॅमशाफ्टच्या चाकाची खूण दुसऱ्या स्थिर खुणेशी जुळवावयाची असते. पहिला अर्थ परस्परवाचक, दुसरा विभागवाचक. दोन चाके नजरेनेच समोरासमोर आणणाऱ्याचा एखाददुसरा दात सहज चुकतो, कारण दोन्ही शाफ्टांचे मध्य जोडणारी रेषा त्या स्थिर खुणांवरून जाईलच असे नाही.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. एकच कॅमशाफ्ट असलेल्या साध्या पेट्रोल एंजिनात कॅमशाफ्ट नेमका अर्धा फेरा पुढे असला तरी झडपांची वेळ बिघडत नाही. क्रँकशाफ्टच्या एका पूर्ण फेऱ्यानंतर ती स्थिती एरवीही यावयाचीच असते. मोठी दिसणारी चूक ही चूकच नव्हे, आणि एका दाताची मात्र महागात पडते! पट्ट्यावरच फिरणारा वेगळा इंधनपंप असलेल्या डिझेल एंजिनाला ही सवलत लागू नाही.

प्रत्यक्ष कृतीत जुना पट्टा काढण्यापूर्वीच दोन्ही खुणा जागेवर आणाव्यात. नवा पट्टा क्रँकशाफ्टच्या चाकापासून चढवावा, ओढीची बाजू ताठ ठेवावी व सगळी ढील ताणचाकाच्या बाजूस यावी, म्हणजे ताण देताना कॅमशाफ्ट हलत नाही. नंतर पान्याने, हातानेच, फिरण्याच्या नेहमीच्या दिशेने क्रँकशाफ्टचे पूर्ण दोन फेरे द्यावेत व खुणा पुन्हा पाहाव्यात. मध्येच कठीण अटकाव लागला तर जोर करू नये. बहुधा तो झडपेला टेकलेला दट्ट्या असतो.

काही पट्ट्यांवर रंगाच्या रेघा छापलेल्या असतात. त्या फक्त चढविण्याच्या क्षणापुरत्या. वरच्याच चाकांवर 103 दातांचा पट्टा घेतला तर दोन फेऱ्यांत तो 40 दात सरकतो, आणि त्याच्या रेघा पुन्हा खुणांसमोर येण्यास क्रँकशाफ्टचे 206 फेरे लागतात. हे माहीत नसल्यामुळे, दोन फेऱ्यांनंतर रेघा हललेल्या पाहून नीट बसलेला पट्टा पुन्हा काढला जाण्याचा संभव असतो. तेव्हा मराठीत सूचनापत्र लिहिणाऱ्याने ‘खुणा जुळवा’ एवढ्यावर थांबू नये. ‘प्रत्येक चाकाची खूण एंजिनाच्या अंगावरील तिच्या स्थिर खुणेशी जुळवा, दोन फेऱ्यांनंतर पट्ट्यावरील रेघा पाहू नका’ असे लिहावे.