फिरती घरे (लेखांक ६) : एकहाती उभी राहणारी कोपी

मागील लेखांकात मोटारीमागे जोडून नेता येणाऱ्या घडीच्या तंबूगाडीची, म्हणजे कॅम्पर ट्रेलरची, रचना पाहिली आणि असे घर एकट्या माणसाला किती कष्टात उभारता व आवरता येते, हीच त्याची खरी कसोटी असल्याचे त्या विवेचनातून दिसले. हीच कसोटी मराठवाड्यातल्या एका फिरत्या घराला लावून पाहणे हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. हे घर म्हणजे ऊसतोड कामगारांची कोपी होय. बांबू, चटया, ताडपत्री आणि काथ्या एवढ्या सामग्रीवर उभे राहणारे हे घर गाडीत बसते, गाडीतून उतरते आणि दर हंगामात अनेकदा मोडून पुन्हा बांधले जाते. तरीही ते बांधण्याचे तंत्र क्वचितच लिहिले गेले आहे.

या तंत्राच्या अभ्यासासाठी नांदेड जिल्हा विशेष सोयीचा आहे, कारण कोपीच्या प्रवासाची दोन्ही टोके या एकाच जिल्ह्यात सापडतात. दक्षिणेकडील कंधार, लोहा आणि मुखेड हे तालुके बालाघाटाच्या माळरानाचे, हलक्या जमिनीचे आणि पावसावर विसंबलेले असून, तेथील वाड्या-तांड्यांवरची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकापर्यंत जातात. याउलट मुदखेड आणि शेजारचा अर्धापूर हा गोदावरीच्या खोऱ्यातला भाग काळ्या जमिनीचा आणि पाटपाण्याचा असल्यामुळे तेथे केळी, फुले आणि ऊस पिकतो, आणि गाळप सुरू होताच भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखान्याच्या या परिसरात तोडणीच्या टोळ्या उतरतात. मुखेड आणि मुदखेड ही नावे परक्या माणसाला सारखीच वाटतात, परंतु एका तालुक्यातून माणसे बाहेर पडतात आणि दुसऱ्याच्या बांधावर ती उतरतात, हा त्यांच्यातला फरक जमीन आणि पाणी यांनी घडवलेला आहे.

ऊसतोडीच्या व्यवहारात पती-पत्नीच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' धरतात. अशा अनेक कोयत्यांची मिळून टोळी होते, तिचा प्रमुख मुकादम असतो आणि हंगामापूर्वी त्याच्याकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला 'उचल' म्हणतात. कोपी ही साधारणपणे एका कोयत्याची असते, म्हणून ती दोन माणसांनी उभी करावी असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात मात्र पुरुष बैलांना पाणी दाखवायला, सरपण आणायला किंवा मुकादमाबरोबर उसाचा फड पाहायला गेलेला असतो आणि उभारणीचे बहुतेक काम बाईच्या वाट्याला येते. जी विधवा किंवा परित्यक्ता बाई अर्धा कोयता म्हणून टोळीत येते, तिला तर हे काम एकटीनेच निभवावे लागते. कोपीच्या रचनेतील अनेक बारकावे या एकटेपणातून आले आहेत, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

उभारणीचा पहिला निर्णय जागेचा असतो आणि तो चुकला तर पुढचे कोणतेही कौशल्य तो सावरू शकत नाही. काळी माती ओली झाली की फुगते, चिकट होते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे तिच्यात ठोकलेली खुंटी आज घट्ट वाटली तरी एका अवकाळी सरीनंतर सैल पडते. शिवाय अशा मातीत गाडीचे चाक रुतले तर तळच हलवता येत नाही. म्हणून जाणती माणसे रस्त्यालगतची, थोडी उंच आणि मुरमाड जागा पसंत करतात, ओढ्याचा काठ कितीही सोयीचा असला तरी त्याच्या पात्रात उतरत नाहीत, आणि विहीर किंवा बोअर चालत जाण्याच्या अंतरावर आहे की नाही हे आधी पाहून घेतात. ऊसतोडीचा काळ कोरडा असतो, असे समजून चालणे धोक्याचे आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट कोसळली, ती गाळपाचा हंगाम चालू असतानाच.

जागा ठरली की खडे, धसकटे आणि उसाची बुडखी काढून जमीन सपाट केली जाते आणि कोपीच्या वरच्या अंगाला, म्हणजे ज्या बाजूने पाणी वाहत येईल तिकडे, वीतभर खोल चर खणला जातो. चरातून निघालेली माती कोपीच्या कडेला टाकली की तीच पुढे भिंतीचा पाया होते. दाराची दिशा वारा ठरवतो. हिवाळ्यात या भागात गार वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणून त्याच्याकडे कोपीची पाठ केली जाते. चूल दाराबाहेर, परंतु वाऱ्याने ठिणगी कोपीवर जाणार नाही अशा बाजूला मांडावी लागते, कारण भोवती पसरलेले पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, क्षणात पेट घेते. त्याच कारणाने दोन कोप्यांमध्ये चार पावले तरी मोकळी ठेवणे शहाणपणाचे असते, मग तळ कितीही दाटीचा असो.

खरी कसोटी सांगाडा उभा करताना लागते. आठ-दहा फूट उंचीचे तीन बांबू एकट्या माणसाने उभे धरून वर टोकाशी बांधणे अशक्य आहे, म्हणून बांधणी जमिनीवरच केली जाते. तिन्ही बांबू आडवे ठेवून त्यांची शेंड्याकडची टोके काथ्याने आवळायची, दोन बांबूंचे बुडखे आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यांत टेकवायचे आणि मग आवळलेला जोड खांद्यावर घेऊन, शिडी भिंतीला उभी करतात तसे, खड्ड्यांकडे चालत जायचे. जोड पुरेसा वर गेला की तिसरा बांबू मागून आपोआप टेकू होतो आणि सांगाडा कोणीही न धरता उभा राहतो. जोड फार आवळला तर बांबू फाकत नाहीत आणि फार सैल ठेवला तर घसरतात, त्यामुळे काथ्याचे वेढे किती ताणायचे याचा अंदाज हाताला सवयीनेच येतो. या तिकाटण्याभोवती उरलेले बांबू गोलाकार टेकवून खाली गाडले आणि मध्यावर आडव्या काठीचा एक वेढा बांधला की सांगाडा पुरा होतो. काही टोळ्या बांबूच्या कामट्या वाकवून कमानीची कोपी करतात. ती वाऱ्याला अधिक टिकते, परंतु कामट्या दोन्ही टोकांना एकाच वेळी धराव्या लागत असल्यामुळे एकट्या माणसाला ती जड जाते.

आच्छादन चढवताना क्रम महत्त्वाचा ठरतो. चटया खालून वर लावत जावे लागते, म्हणजे वरच्या चटईची कड खालच्या चटईवर येते आणि पाणी आत न शिरता बाहेरून ओघळते. ताडपत्री असेल तर तिची वाऱ्याकडची कड सर्वांत आधी बांधायची असते. असे केल्यास वारा कापडाला सांगाड्यावर दाबून धरतो आणि एकट्या माणसाला दुसऱ्या बाजूला जाऊन उरलेली टोके निवांत ओढता येतात. उलट बाजूने सुरुवात केली तर वारा कापडाखाली शिरतो, ते फुगते आणि हातातून सुटते. खुंट्या सरळ न ठोकता त्यांचे डोके कोपीपासून बाहेरच्या अंगाला कललेले ठेवतात, म्हणजे दोरीचा ओढा खुंटीला उपटण्याऐवजी जमिनीत रुतवतो. जमीन भुसभुशीत असेल तर खुंटीवर विसंबून न राहता मातीने भरलेली पोती कडेला ठेवली जातात. कॅम्पर ट्रेलरच्या पत्रकांत हाच क्रम आणि हाच कल सांगितलेला असतो, आणि तो कोणी कोणाकडून घेतलेला नाही. वारा सगळीकडे सारखाच वागतो, एवढेच त्याचे कारण आहे.

गाठींचा विचार येथे थोड्या विस्ताराने करणे भाग आहे, कारण कोपीची आवराआवर किती वेळात होईल हे उभारतानाच्या गाठींवर ठरते. निरगाठ म्हणजे ओढली की अधिक आवळणारी आणि सहसा न सुटणारी गाठ, तर सुरगाठ म्हणजे मोकळे टोक ओढताच सुटणारी फासाची गाठ. सांगाड्याच्या माथ्याला आणि आडव्या वेढ्याला निरगाठ योग्य असते. ताडपत्रीच्या टोकांना, दाराच्या पडद्याला आणि खुंट्यांच्या दोऱ्यांना मात्र सुरगाठच हवी. तळ हलवण्याचा निरोप पहाटेच्या अंधारात येऊ शकतो, बोटे थंडीने बधिर झालेली असतात आणि दवाने काथ्या फुगलेला असतो. अशा वेळी जिथे तिथे निरगाठ मारलेली असेल तर कोयत्याने दोरी कापण्याखेरीज उपाय राहत नाही, आणि कापलेली दोरी पुढच्या तळावर आखूड पडते.

आतली मांडणी थोडक्यात सांगता येईल. जमिनीवर पाचटाचा थर, त्यावर माती आणि शेणाचा सारवा. पाठीच्या बाजूला धान्याची पोती आणि पत्र्याची पेटी, दाराशी पाण्याची घागर, आणि कडेची प्रत्येक फट मातीने लिंपलेली, कारण उसाच्या फडाशेजारी घोणस आणि विंचू यांचा धोका खरा असतो.

पूर्वी अनेक कारखाने टोळ्यांना बांबू आणि चटया पुरवत. आता बहुतेक तळांवर प्लॅस्टिकची ताडपत्री दिसते. ताडपत्री हलकी आहे, घडीत बसते आणि पाणी आत येऊ देत नाही, हे तिचे गुण नाकारता येत नाहीत. परंतु ती श्वास घेत नाही; थंडीच्या रात्री आतल्या माणसांच्या उच्छ्वासाची वाफ तिच्यावर थेंबांनी साचून पहाटे अंथरुणावर ठिबकते आणि मार्चमधल्या दुपारी आत तान्हे मूल झोपवणेही कठीण होते. चटईवर पाचटाचा थर आणि पावसाच्या अंदाजापुरती वरून ताडपत्री, ही जुन्या माणसांची जोडणी आजही सर्वांत चांगली ठरते, मात्र ती उभारायला वेळ अधिक लागतो, आणि पहाटे तीन-चारला फडात उतरणाऱ्या, रात्री अपरात्री गाडी भरायला उठणाऱ्या माणसाजवळ वेळच नसतो.

आवराआवर दोन प्रसंगी होते. एका शिवारातला ऊस संपला की तळ दुसऱ्या शिवारात जातो, आणि गाळप थांबले की सर्वजण गावाकडे निघतात. या दुसऱ्या प्रसंगाला ऊसतोडीच्या बोलीत 'पट्टा पडणे' म्हणतात. मोडणी उभारणीच्या उलट क्रमाने होते, परंतु तिची सुरुवात दोऱ्या सोडण्यापासून होत नाही. आधी आतले सामान बाहेर काढून कोपी उन्हात उघडी ठेवावी लागते, म्हणजे आच्छादन दोन्ही बाजूंनी वाळते. ओली ताडपत्री घडी करून धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवली तर दोन दिवसांत दोन्हींना बुरशीचा वास येतो. घडी घालण्यापूर्वी मातीचे खडे झटकले नाहीत तर प्रवासाच्या हादऱ्यांनी तेच खडे कापडाला भोके पाडतात. वारा असताना एकट्याने घडी घालायची तर वाऱ्याकडची कड शेवटी सोडायची, हा उभारणीचाच नियम उलटा लावलेला आहे.

गाडी भरणे हे मोडणीचे सर्वांत अवघड अंग आहे. लांब बांबू आणि खुंट्यांचा भारा तळाशी, गाडीच्या लांबीबरोबर जातो. धान्य आणि पेटी आसाच्या वर मध्यावर येतात. अंथरुणे, भांडी आणि कोंबड्यांचे डालगे त्यांच्यावर. ताडपत्री, पहार आणि काथ्या सर्वांत वर, कारण नव्या तळावर सर्वांत आधी त्यांचीच गरज पडते. ओझे मागे अधिक झाले तर बैलगाडी उलाळ होते, म्हणजे तिचे पुढचे अंग वर उचलले जाते आणि जू बैलांचे गळे आवळते. पुढे अधिक झाले तर सगळा भार त्यांच्या मानेवर येतो. मोटारीमागच्या ट्रेलरलाही हेच गणित लागू आहे. त्याच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग जोडणीच्या कडीवर यावा असे सांगतात, कारण मागे जड झालेला ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. निघण्यापूर्वी चुलीवर पाणी ओतणे आणि खुंट्यांचे खड्डे बुजवणे ही कामे जाणती माणसे चुकवत नाहीत. पाचटाच्या रानात एक निखारा पुरतो.

येथपर्यंत पाहिलेले तंत्र कितीही परिपूर्ण असले तरी ते एका मर्यादेच्या पुढे जात नाही. पाणी, शौचालय, प्रकाश आणि मुरूम टाकलेली सपाट जागा या गोष्टी बांबू आणि काथ्यातून निर्माण होत नाहीत. त्या तळावर आधीच असाव्या लागतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा फिरत्या घरांना थांबण्यासाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेली जागा लागते हे तत्त्व मान्य केले. ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ असून, गाळलेल्या उसाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेऊन त्याचा निधी उभा करण्याची तरतूद आहे, आणि कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे आणि निधीची वाटही आखलेली आहे. कारखान्याला कोणत्या शिवारात कोणत्या महिन्यात तोड पडणार याचा आराखडा हंगामापूर्वीच माहीत असतो. त्या आराखड्यानुसार ठरलेल्या जागी नळाची तोटी, स्त्रियांसाठी दार असलेली शौचालये आणि रात्रभर जळणारा एक दिवा उभारणे अवघड नाही. मुदखेड-अर्धापूर परिसरातील कारखान्यांच्या संचालकांनी, ग्रामपंचायतींनी आणि ज्यांच्या बांधावर या कोप्या उभ्या राहतात त्या बागायतदारांनी येत्या गाळपाला सुरुवात होण्यापूर्वी आपापल्या शिवारात असा एक तरी तळ तयार करावा.