पिकअपची मागची चाके का उडतात? पाट्यांचा पीळ आणि ट्रॅक्शन बार



ऊसविकासाच्या पानावर मोटारीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण बेणे, खते, ठिबकचे पाइप हल्ली पिकअपमधूनच शेतावर जातात, आणि गाडी अडली की लागण अडते. गेल्या सुरू लागणीत एका सभासदाची बेण्याने भरलेली गाडी चारीचा चढ चढताना, क्लच सोडताक्षणी मागून थडथड उडू लागली. तिसऱ्या हिसक्याला शाफ्टचा क्रॉस तुटला आणि गाडी मागे आली. चाकामागे दगड लावायला वाकलेल्या पोराला आम्ही हात धरून ओढले, म्हणून तो वाचला. बेणे दीड दिवस उन्हात वाळले. त्या प्लॉटात नांग्या भरता भरता नाकी नऊ आले.

आम्ही शेतकी पदविकेची माणसे. म्हणून कारखान्याच्या वर्कशॉपमधील मंडळींसोबत गाडीखाली शिरून पाहिले. समजले ते सांगतो.

असे का होते?

इंजिन चाक पुढे फिरवते, तेव्हा एक्सलचे हौसिंग तितक्याच जोराने उलट फिरू पाहते. त्याला धरून ठेवायला फक्त पाटे असतात. जोर वाढला की पाट्यांना 'एस' आकाराचा पीळ पडतो आणि हौसिंगचे नाक वर उचलते. चाक घसरले की पीळ सुटतो, पकड मिळाली की पुन्हा पडतो. हीच ती थडथड. तीत क्रॉस, पाटे, सेंटर बोल्ट सगळ्यांवर घाव बसतो.

आधी हे तपासा

यू-बोल्ट ढिले आहेत का? पाटा तुटला आहे का? शॅकलचे बुश झिजले का? निम्म्या गाड्यांचा रोग येथेच बरा होईल. माल क्षमतेपेक्षा जास्त भरत असाल, तर पहिला उपाय तो कमी करणे.

बार कसा असतो?

अमेरिकेत शर्यतीच्या मोटारींना आणि पिकअपना हा बार लावतात. एक्सलपासून पुढे चॅसिसपर्यंत जाणारा हा टेकू. दोन पाइप मागे एक्सलला वर व खाली धरतात आणि पुढे एका टोकाला मिळतात, म्हणजे लांबट त्रिकोण होतो. पुढचे टोक उभ्या शॅकलने चॅसिसला लटकते. नाक वर उचलू लागले की शॅकल त्याला रोखतो; पण पाटा दबून लांब झाला, तर शॅकल झुलून वाट देतो. शॅकल न ठेवता टोक घट्ट आवळले, तर पाटे आखडतात आणि ब्रॅकेट तुटते.

करताना व बसवताना

१. पाइप दीड-दोन इंची, जाड भिंतीचा घ्यावा. पाण्याचा जस्ती पाइप नको. तो पातळ असतो आणि वेल्डिंग करताना त्याचा धूर बाधतो.
२. प्रत्येक सांध्याला रबरी बुश हवे. आमच्या ओबडधोबड शेतरस्त्यावर एका बाजूचा एक चांगला बार बहुधा पुरतो. दोन्हीकडे ताठ बार लावले तर एक चाक खड्ड्यात गेल्यावर एक्सल आखडतो.
३. पाट्याला वेल्डिंग कधीही करू नये. पाण दिलेले पोलाद कच्चे होऊन मोडते. हौसिंगवर लांब वेल्डिंग केल्यास ते वाकते. म्हणून यू-बोल्टने आवळलेले ब्रॅकेट बरे.
४. चॅसिसला बोल्ट मारावेत, तेही उभ्या बाजूस. वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नये.
५. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात. डिझेलचा पाइप आणि ब्रेकचा होज यांपासून दूर राहावे.
६. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नका. भक्कम स्टँड लावा. रिकामी, भरलेली आणि चाके लोंबती, अशा तिन्ही स्थितींत बार कोठे घासतो का ते पाहावे. महिन्याने बोल्ट पुन्हा आवळावेत.

हेही लक्षात ठेवा

बारने वजन वाहण्याची ताकद वाढत नाही आणि चिखलात गुळगुळीत टायरला पकड येत नाही. तो फक्त पीळ थांबवतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेतील फेरबदलावर बंधने आहेत. म्हणून आधी आर.टी.ओ. कार्यालयात व विमावाल्याकडे विचारावे, मगच वेल्डरकडे जावे.

आणि बंधूंनो, गाडी चढावर उडू लागली की हट्टाने रेस देऊ नका. माल उतरवा, आणि चाकामागे पोराला उभे करू नका. बेणे पुन्हा मिळेल.