टक्का वाढला, पण कोणाचा?

स्वातंत्र्यानंतर मोजकीच विद्यापीठे असलेल्या भारतात २०२१-२२मध्ये ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत हे प्रमाण २८.४ टक्के, २०१४-१५मध्ये ते २३.७ होते. मुलींचे प्रमाण (२८.५) मुलांपेक्षा किंचित पुढे गेले आहे. अनुसूचित जमाती मात्र २१.२वरच. महाराष्ट्र ३५.३, तमिळनाडू ४७.

जुने आकडे शेजारी मांडताना जपून! २०१९-२०चा २७.१ हा आकडा २०११च्या जनगणनेचा आधार घेताच २५.६वर आला. शिवाय हिशेबात चोविशी ओलांडलेले विद्यार्थीही धरले जातात. नव्या शैक्षणिक धोरणाचे लक्ष्य: २०३५पर्यंत ५० टक्के. आजवरचा वेग पाहता ते अवघडच दिसते.