पूल बदलताना ओढ्याचं काय होतं, हे मोजायचं कसं?

जुने पूल बदलायला हवेत, यावर वाद नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बससह अनेक माणसं वाहून गेली. त्या जागी नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला. जुन्या पुलाशेजारी राहणाऱ्या कुणालाही 'पूल हवा की ओढा' असं विचारण्यात अर्थ नाही. संशोधनाचा प्रश्न वेगळा आहे. ओढ्याच्या पात्रात काही महिने काम चालतं, त्यातून पाण्याचं किती नुकसान होतं, त्यातलं किती टाळता आलं असतं, आणि हे सिद्ध कसं करायचं?

एम.एस्सी. किंवा एम.टेक.च्या प्रकल्पासाठी हा विषय सोपा वाटतो. पुलाच्या खालच्या अंगाला जायचं, बाटली भरायची, प्रयोगशाळेत तपासायची आणि 'पाणी गढूळ आढळलं' असं लिहायचं. मग तोंडी परीक्षेत एकच प्रश्न येतो, 'हे पुलाच्या कामामुळेच झालं कशावरून?' तिथे सगळं अडतं. हाच प्रश्न गावातही येतो. खालच्या अंगाला नळपाणी योजनेची विहीर असते, लोक तक्रार करतात, आणि उत्तर मिळतं, 'पावसाळ्यात तर याहून गढूळ असतं की!' या उत्तराला टिकेल असं प्रत्युत्तर द्यायचं तर अभ्यासाची आखणी कशी हवी, ते या लेखात बघू.

पाण्यात नेमकं काय जातं?

पूल बदलण्याचं काम टप्प्याटप्प्याने चालतं आणि प्रत्येक टप्प्यातून पाण्यात वेगळी गोष्ट जाते.

आधी वाहतुकीसाठी शेजारून पर्यायी रस्ता काढतात. पात्रात ह्यूम पाइप टाकून वर माती-मुरुमाचा भराव घालतात. तो भराव कडेने धुपत राहतो. मग जुन्या पुलाचं पाडकाम. त्यातून दगड, चुना, काँक्रीटचे तुकडे आणि धूळ पात्रात पडते. मग पायाचं खोदकाम. खड्ड्यात पाणी झिरपतं, ते पंपाने सतत उपसावं लागतं, आणि ते लालभडक किंवा काळं पाणी बहुतेक वेळा पाइप वळवून सरळ ओढ्यातच सोडलं जातं. माझ्या मते पाणी सर्वांत जास्त बिघडतं ते या उपशामुळे, आणि नेमकं त्याकडेच कुणाचं लक्ष नसतं.

शेवटी काँक्रीट. ताज्या काँक्रीटमधल्या पाण्याचा पीएच १२ ते १३ असतो. मिक्सरची गाडी ओढ्याकाठी धुतली की ते पाणी पात्रात जातं. पाणी दिसायला फारसं गढूळ नसतं, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. पण पीएच वाढल्यावर काय होतं बघा. ओढ्यात सांडपाण्यामुळे थोडाफार अमोनिया असतोच. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भाग माशांना विषारी असलेल्या रूपात असतो. पीएच ९ झाला की हाच भाग साधारण ३६ टक्के होतो. अमोनिया तेवढाच, पण विष साठपटीहून जास्त. म्हणून फक्त गढूळपणा मोजणारा अभ्यास अर्धाच राहतो.

गढूळ पाणी वाईट, पण कधी?

'पावसात याहून गढूळ असतं' हे विधान खरं आहे. जुलैतल्या पुरात कोकणातला कुठलाही वहाळ चहासारखा लाल असतो. मग जानेवारीत थोडा गाळ गेला तर काय बिघडलं?

फरक प्रवाहाचा आहे. जुलैत पाण्याला जोर असतो, तो गाळ पुढे घेऊन जातो. जानेवारी ते मे या काळात धार बारीक झालेली असते, पुढे पुढे तर नुसते कोंड आणि डोह उरतात. त्या वेळी आलेला बारीक गाळ तिथेच बसतो. दगडगोट्यांमधल्या फटी भरतात. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय यांसारख्या कीटकांच्या अळ्या दगडांच्या खालच्या बाजूला आणि या फटींमध्येच राहतात, आणि त्यांच्यावर मासे जगतात. शिवाय उन्हाळ्यात डोहातला प्राणवायू आधीच कमी असतो. कामाला सोयीचा असलेला कोरडा हंगाम हाच ओढ्याचा सर्वांत नाजूक काळ असतो.

दुसरा नाजूक काळ पहिल्या पावसाचा. चढणीचे मासे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. पहिले पूर येताच मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकतात. तोवर पर्यायी रस्त्याचे पाइप पात्रातून काढले नसतील, तर त्यांच्या तोंडाशी पाण्याचा वेग इतका वाढतो की लहान मासे वर जाऊच शकत नाहीत. पाण्याचा नमुना अगदी स्वच्छ आला तरी हे नुकसान झालेलंच असतं.

गाळाचं प्रमाण आणि माशांवरचा परिणाम यांचा संबंध लावताना न्यूकोंब आणि मॅकडोनाल्ड यांनी १९९१ मध्ये एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. फक्त किती गाळ हे पुरेसं नाही, किती वेळ हेही मोजायला हवं. तासभराचा दाट गाळ आणि तीन आठवड्यांचा मध्यम गाळ यांची तुलना एका बाटलीतून होत नाही.

दोनदा वजाबाकी

आता मूळ प्रश्न, 'पुलामुळेच कशावरून?' याला परिसरशास्त्रात एक ठरलेली आखणी आहे. आधी आणि नंतर, तसंच नियंत्रण स्थळ आणि परिणाम स्थळ, अशा चौकटीत मोजमाप करायचं. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'बीएसीआय' म्हणतात. स्ट्युअर्ट-ओटेन, मर्डॉक आणि पार्कर यांच्या १९८६ च्या लेखामुळे ती नीट रुजली.

समजा, काम सुरू होण्याआधी पुलाच्या वरच्या अंगाला गढूळपणा ४ एनटीयू आणि खालच्या अंगाला ६ एनटीयू आहे. काम चालू असताना वर ७ आणि खाली ३१. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.)

- फक्त खालचा, कामाच्या वेळचा आकडा घेतला तर तुम्ही म्हणाल ३१. पण त्यातलं कामाचं किती, ते कळत नाही.
- खालच्या अंगाची आधी-नंतर तुलना केली तर ३१ वजा ६ म्हणजे २५. पण वरचं पाणीही या काळात गढूळ झालंय, कदाचित अवकाळी पावसाने किंवा म्हशी पाण्यात उतरल्याने. ते यात मिसळलं.
- कामाच्या वेळी फक्त वर-खाली तुलना केली तर ३१ वजा ७ म्हणजे २४. पण खालचं पाणी मुळातच २ ने जास्त गढूळ होतं. मधे एखादी गटार येऊन मिळत असेल.
- दोन्ही वजाबाक्या केल्या तर २४ वजा २, म्हणजे २२. कामाचा वाटा हा.

इथे २२, २४, २५ यांत फार फरक दिसत नाही. पण पावसाळी दिवशी वरच्या अंगालाच १८० एनटीयू असेल तेव्हा याच फरकावर सगळा निष्कर्ष उलटू शकतो. आणि 'आधी'चा आकडा नसेल तर दुसरी वजाबाकी करताच येत नाही. काम सुरू झाल्यावर तो आकडा कुठल्याही उपकरणाने परत मिळत नाही.

तीस बाटल्या म्हणजे तीस नमुने नव्हेत

एकाच दिवशी, एकाच जागी तीस बाटल्या भरल्या आणि टी-टेस्ट लावली, तर पी-व्हॅल्यू छान येते. पण त्या तीस बाटल्या त्या जागेबद्दल एकदाच बोलतात. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याला खोटी पुनरावृत्ती म्हणून नाव ठेवलं आणि आजही प्रबंध याच मुद्द्यावर अडकतात.

त्यापेक्षा वर आणि खाली अशी जोडी एकाच वेळी घ्या, आणि अशा जोड्या कामाआधी, काम चालू असताना आणि नंतर अनेक दिवशी घ्या. तुमचं विश्लेषणाचं एकक म्हणजे त्या दिवसाचा फरक. शक्य असेल तर जवळच्या, काम नसलेल्या दोन-तीन ओढ्यांवरही मोजा. अंडरवुड यांचं म्हणणं हेच होतं की एकच नियंत्रण स्थळ अपुरं पडतं, कारण दोन जागा काही कारण नसतानाही वेगवेगळ्या वागू शकतात.

आणि कामाची रोजनिशी ठेवा. कुठल्या दिवशी खोदकाम, पंप किती वाजता सुरू, स्लॅब कधी पडला. सकाळी अकराला घेतलेला नमुना दुपारी तीनला सुरू झालेल्या पंपाबद्दल काहीच सांगत नाही. एनटीयू म्हणजे प्रकाश किती विखुरतो याचं माप आहे, गाळाचं वजन नव्हे. त्यामुळे काही नमुने गाळून, १०३ ते १०५ अंशांवर वाळवून वजन करा आणि तुमच्या ओढ्यापुरता दोन्हींचा संबंध बसवा. जांभ्याची लाल माती आणि देशावरची काळी माती यांचा संबंध एकसारखा येत नाही.

उपाय, आणि त्यामागचं गणित

साइटवर विचारलं तर 'आम्ही खड्डा काढलाय, गाळ त्यात बसतो' असं सांगतात. तो बसतो का? स्टोक्सच्या सूत्राने स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला लागणारा अंदाजे वेळ असा येतो:

- ०.१ मिलिमीटरचा रेतीचा कण: सुमारे दोन मिनिटं
- ०.०१ मिलिमीटरचा पोयट्याचा कण: सुमारे तीन तास
- ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण: तीन दिवसांहून जास्त

पंप चालू असताना खड्डा तासाभरात भरून वाहू लागतो. म्हणजे रेती अडते, चिकणमाती सगळी ओढ्यात जाते, आणि रंग तिचाच असतो. म्हणून उपसलेलं पाणी ओढ्यापासून लांब, गवताळ जमिनीवर पसरून मुरू देणं बहुधा जास्त उपयोगी पडतं. त्याहून चांगलं म्हणजे गढूळ पाणी तयारच कमी होऊ देणं. वाळूच्या गोण्यांचा बांध घालून वाहतं पाणी पाइपमधून कामाच्या जागेला वळसा घालून न्यायचं आणि खोदकाम कोरड्यात करायचं. मिक्सर धुण्यासाठी प्लॅस्टिक अंथरलेला वेगळा खड्डा, पाडकामाखाली राडारोडा झेलायला फलाट, डिझेल भरायची जागा काठापासून दूर, आणि जूनच्या आधी भराव-पाइप पात्राबाहेर. यातलं काहीच महागडं तंत्रज्ञान नाही. पण निविदेत त्याची वेगळी बाब नसेल तर कंत्राटदाराला त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि मग ते होत नाही.

नियम काय म्हणतात?

१९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध कायद्याचं कलम २४ वाचा. प्रवाहात प्रदूषक पदार्थ जाऊ देणं आणि प्रवाह अडून प्रदूषण वाढेल असं काही टाकणं, दोन्हींना मनाई आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात सूट आहे: हक्काने पूल बांधला 'एवढ्याच कारणावरून' कुणी दोषी ठरत नाही. 'एवढ्याच कारणावरून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पूल बांधणं गुन्हा नाही, म्हणून मिक्सर ओढ्यात धुवायची मुभा मिळाली असा त्याचा सरळ अर्थ निघत नाही.

नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी आपल्याकडे तरंगत्या घन पदार्थांची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. ती सोडलेल्या पाण्याची मर्यादा आहे, ओढ्याची नाही. तुलनेसाठी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा नियम बघा. तिथे सामन माशांच्या बऱ्याच प्रवाहांसाठी मर्यादा फरकाची आहे: मूळ गढूळपणा ५० एनटीयूपर्यंत असेल तर त्यात ५ एनटीयूपेक्षा जास्त भर नको, त्याहून जास्त असेल तर १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे वरच्या अंगाला मोजल्याशिवाय नियम लागूच होत नाही. 'पावसात गढूळ असतंच' या युक्तिवादाची सोय त्या नियमातच केलेली आहे. आपल्या मोसमी ओढ्यांसाठी असा फरकाचा आकडा किती असावा, हा स्वतंत्र पीएचडीचा विषय होईल.

प्रस्ताव लिहिण्याआधी

'आधी'ची मोजमापं मिळवायची तर काम कुठे निघणार हे आधी कळायला हवं. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदा महाटेंडर्स पोर्टलवर जाहीर होतात. निविदा निघाल्यापासून पोकलेन पात्रात उतरेपर्यंत जो काळ जातो, तोच तुमचा 'आधी'चा काळ. त्यात किमान सहा-आठ जोड्या घेता आल्या तरी पाया तयार होतो. निविदेतली परिमाणपत्रकं वाचा, पाणी वळवण्याची आणि गाळ अडवण्याची बाब आहे का ते नोंदवा. शाखा अभियंत्याला भेटून वेळापत्रक विचारा. विरोध करायला नव्हे तर मोजायला आलोय हे स्पष्ट सांगितलं की बरेच जण मदत करतात. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांशी आणि मासे धरणाऱ्यांशी बोला, कारण पंप रात्री चालतो की दिवसा, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

मार्गदर्शकांसमोर जाण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा. काम सुरू होण्याआधीचे किती दिवस माझ्या हातात आहेत? माझी नियंत्रण स्थळं कोणती आणि किती? कामाच्या कुठल्या टप्प्यात पाण्यातला कुठला घटक बदलेल असं मला वाटतं? पहिल्याचं उत्तर 'शून्य' असेल तर तो पूल सोडा आणि निविदांच्या यादीतला पुढचा पूल घ्या.