कवट्यांची साक्ष

लग्नसराई आली की जळगाव-धुळ्याच्या दिवाणखान्यांतून एक प्रश्न हमखास कानी येतो : “मुलगी रंगाने कशी आहे?” पाठोपाठ नाकाची चर्चा होते आणि अमुक जातीची माणसे जात्याच हुशार, असा निर्वाळाही कोणीतरी देऊन टाकतो. अशा वेळी मला डॉ. इरावती कर्वे आठवतात.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या नदीचेच नाव त्यांना मिळाले. पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरी त्या वाढल्या, मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या आणि १९२८ साली बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी कर्व्यांनासुद्धा सुनेचे हे परदेशगमन रुचले नव्हते! पती दिनकरराव मात्र ठामपणे पाठीशी उभे राहिले.

बर्लिनचे प्राध्यापक ऑयगेन फिशर यांचे मत असे, की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे मूळ या विषमतेतच आहे. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या १४९ कवट्या मोजल्या. विषमता सर्वांतच आढळली. तिचा वंशाशी संबंध दिसेना. गुरूच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात निर्भयपणे मांडला. पुढे १९३३ नंतर हेच फिशर नाझींच्या वंशधोरणाचे पुरस्कर्ते झाले, हे ध्यानी घेतले म्हणजे परक्या देशातील त्या तरुण विद्यार्थिनीच्या धैर्याची किंमत कळते.

मायदेशी परतल्यावर १९३९ पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. मोजपट्टी घेऊन त्या गावोगाव हिंडल्या; आपल्या पश्चिम खानदेशातील भिल्लांचीही त्यांनी सामाजिक पाहणी केली. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोटजातींचे मूळ एकच असेल असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ‘युगान्त’मध्ये कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडेही त्यांनी देव्हाऱ्याबाहेरची माणसे म्हणूनच पाहिले. त्या ग्रंथाला १९६८ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले. १९७० साली त्या निवर्तल्या.

हाती मोजपट्टी असूनही त्यांनी माणसाची लायकी तिने मोजली नाही. आपल्या हाती तर मोजपट्टीही नसते. नुसत्या नजरेने आपण एखाद्या मुलीची किंमत ठरवून मोकळे होतो. यंदा स्थळ पाहायला जाताना, वाचकहो, त्या १४९ कवट्यांची साक्ष एकदा आठवावी.