गेट, किल्ली आणि पांढरा उंदीर

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला गेट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना आला. पुढे आकुर्डी, भोसरी करीत पार चाकणपर्यंत या मुलखात गेटांचेच पीक आले. भोंगा झाला की गेट उघडते, आणि पास विसरला की तेच गेट सख्ख्या बापालाही ओळखत नाही. अशा गेटातून दमूनभागून घरी आलेल्या गृहस्थाला दिसते काय? चिरंजीव पडद्यासमोर बसून दुसऱ्याच एका गेटाशी झटापट करीत आहेत!

'प्लॅटफॉर्म गेम' म्हटल्यावर चिंचवड स्टेशनचा फलाट डोळ्यांपुढे आणू नका. एका ओट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत पुढे जायचे, असा हा खेळ. उड्या काय, बोटांना सवय झाली की जमतात. खरी मौज दरवाजाशी असते. तेथे बोटे थांबतात आणि डोके चालू लागते.

याचा उत्तम मासला म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. चाळिशी-पन्नाशीतल्या कित्येक वाचकांना तो वडिलांच्या ऑफिसातल्या संगणकावर चोरून खेळल्याचे आठवत असेल. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने 1985 साली आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावले, त्याची चित्रफीत घेतली आणि तीवरून राजपुत्राची चाल रेखाटली. खेळ बाजारात आला 1989 साली. राजकन्येला सोडवायला मिनिटे साठ. वाटेत मेलात तर तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ मात्र मागे फिरत नाही.

त्यातले दरवाजे गजांचे, वर उचलले जाणारे. जमिनीतल्या एका लादीवर पाय पडला की दूर कुठेतरी दरवाजा वर जातो आणि मग हळूहळू खाली उतरू लागतो. धावा! दुसरी एक लादी अशी की तिच्यावर पाय पडताच उघडा दरवाजा धाडकन बंद. म्हणजे हा दरवाजा नुसता अडथळा नव्हे, घड्याळही आहे. एका टप्प्यात राजपुत्र आरशातून उडी मारतो नि त्याची सावली सुटी होते. पुढे हीच सावली ऐन वेळी लादीवर पाय ठेवून त्याच्या तोंडावर दरवाजा लावते. आठव्या टप्प्यात तर तो पुरता कोंडला जातो. तेव्हा राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर येतो, लादीवर चढतो आणि दरवाजा उघडतो. एवढासा उंदीर, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणील!

किल्लीचे दरवाजे निराळे. 1988 साली अमेरिकेत आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स 2' मध्ये किल्ली उचलली की भिंतीवरचा एक मुखवटा मागे लागतो. किल्ली टाकून दिली की तो पाठ सोडतो. पण मग दरवाजा उघडणार कसा? घरच्या तिजोरीची किल्ली कमरेला लावून वावरणाऱ्या गृहिणींना हे निराळे सांगायला नको.

आता थोडे आपल्या जिल्ह्याविषयी. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा युबिसॉफ्ट कंपनीचा 2003 सालचा खेळ. तो नव्याने घडवण्याचे काम तिच्या पुणे आणि मुंबईच्या शाखांकडे आले, आणि सप्टेंबर 2020 मध्ये त्याची जाहीर घोषणा झाली. झलक पाहून जगभरच्या शौकिनांनी नाके मुरडली. जानेवारी 2021 ची मुदत मार्चवर गेली, मार्चची बेमुदत झाली, आणि मे 2022 मध्ये काम माँट्रियलला, म्हणजे मूळ खेळ जेथे घडला तेथेच, परत गेले. इथल्या मुलांनी त्यावर घालवलेल्या रात्रींचा हिशेब कोणी मांडला नाही. आम्हाला ही गोष्ट अजून लागते.

असो. खराखुरा अडसर पाहायचा असेल तर तो चाकणलाच आहे. खेळातला दरवाजा अखेर उघडावा म्हणूनच बांधलेला असतो. संग्रामदुर्गाचा उघडू नये म्हणून बांधलेला होता. 1660 सालच्या पावसाळ्यात शाइस्ताखानाची अफाट फौज या भुईकोटापुढे आली आणि फिरंगोजी नरसाळ्याने तिला जवळजवळ दोन महिने बाहेर थोपवले. शेवटी मोगल शिरले ते दरवाजाने नव्हे. त्यांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग उडवला. तटबंदीचे अवशेष आजही आहेत. सुट्टीत चिरंजीवांना घेऊन जा. भुयार कोणत्या बाजूने खणले असेल, हे ते तुमच्याआधी शोधू लागतील.